डिंकाचे लाडू आणि माझी कमजोरी

हे बाप्या माणसानं लिहायचं नसतं म्हणतात. मूळव्याधीवर बोला, दम्यावर बोला, आमच्या स्टँडवर तर हायड्रोसिलवर सुद्धा चार माणसं चहा पिता पिता खुशाल गप्पा मारतात. पण ही एक गोष्ट निघाली की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. कुणी उठून विडी पेटवायला जातो, कुणाची गाडी लागलेली असते. बोलत कुणी नाही, अन् औषध मात्र प्रत्येकाजवळ आहे! त्या औषधांनीच मी मरायला टेकलो होतो, म्हणून लिहून राहिलो.

मी किसन. एसटीत डायवर. राहणार कळमनुरी, वय बावन्न. घरी बायको गया, दोन पोरं शिकायला अन् सगळ्यात मोठी लेक शांता, ती पुसेगावला दिलेली.

पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत चमत्काराची वाट बघत बसू नका. पूर्वीसारखं झालं का? नाही. काहीच नाही का? तसंही नाही. कधी देह ऐकतो, बहुतेक वेळा ऐकत नाही. पण माझे पाय शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत, गाडी अजून माझ्याच हातात आहे. यापेक्षा जास्त कुणी देतो म्हणाला तर समजा तो तुम्हाला लुटायला बसला आहे.

गाडी थांबवायची सवय

सुरुवात तहानेनं झाली. कळमनुरी-हिंगोली-औंढा अशी माझी गाडी. पूर्वी सकाळी एक तांब्या पाणी पिऊन निघालो की थेट औंढ्याला उतरायचो. आता दर दोन-तीन कोसांवर घशाला कोरड. पाणी प्यायचं, अन् प्यालं की लगेच लघवी. गाडी बाजूला घ्यायची, झुडुपामागं जायचं, परत यायचं. लोक काय कमी असतात का! एकदा मागून एक म्हातारी ओरडली, "आरं डायवर, गाडी हाय का बैलगाडी? बैल बी इतक्यांदा मुतत न्हाईत!" सगळी गाडी हसली. मीही हसलो. आतून मात्र जळून गेलो.

कंडक्टर जब्बारभाई माझा बारा वर्षांचा जोडीदार. तो म्हणायचा, "किसनराव, गर्मी है. उन्हाळी लागली. सब्जा पीव." मी सब्जा प्यालो, साखर घालून. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी पडली, तरी माझी उन्हाळी काही जाईना. गया म्हणाली, "मोरीत मुंग्या लागून राहिल्या, रोज धुते तरी येतात." मी म्हणलं, "गूळ सांडला असंल." एवढा मोठा निरोप मुंग्यांनी आणून दिला अन् मी गुळावर ढकलून मोकळा झालो.

दुपार

माझी ड्यूटी पहाटेची. दोनच्या सुमाराला घरी यायचो. पोरं शाळा-कॉलेजात. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात आम्हा नवराबायकोला निवांत अशी तीच वेळ होती. जास्त काय लिहू? एका दुपारी जमलं नाही. थकलो असेन म्हणून सोडून दिलं. पुन्हा चार दिवसांनी तेच. मग मी मनात तारीख धरायला लागलो, आज होईल, आज होईल. अन् ज्या दिवशी असं ठरवावं त्या दिवशी तर हमखास नाही. देहाला हुकूम देता येत नाही, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. तोंड फिरवून झोपलो. गया जवळ आली की कावलो. "भाजी खारट का केली? कपडे अजून ओलेच कसे? काहून पायात पायात येऊन राहिलीस?" वड्याचं तेल वांग्यावर.  एकदा ती केसांना तेल लावून, नवं पातळ नेसून भाकर वाढायला आली, तर मी म्हणलं, "लग्नाला चाललीस का कुणाच्या?" ते पातळ तिनं परत नेसलं नाही. आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

अन् मला कारण सापडलं होतं ना! नसबंदी. आणीबाणीच्या हिवाळ्यात वरून हुकूम आला की तीन लेकरं असलेल्यांनी करून घ्यायची. मी करून घेतली. बाकीचे लपत फिरत होते, मी छाती काढून गेलो होतो. त्यानंतर सहा महिन्यांत हे असं. मग काय, हिशेब बराबर जुळला. आमच्याकडं तेव्हा घरोघरी हेच बोललं जायचं की त्या ऑपरेशननं माणूस थंड पडतो. तहान त्याच्या आधीपासून होती, लघवी आधीपासून होती, हे सरळ डोळ्यासमोर असून दिसलं नाही. शिव्या मात्र मी त्या कॅम्पाला रोज घातल्या.

सगळ्या औषधांची एकच चव

शेवटी जब्बारभाईला सांगितलं. कसं सांगितलं, तर "माझ्या एका दोस्ताला अशी अशी तकलीफ आहे." जब्बारभाई तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. वर न बघता म्हणाला, "तेरे दोस्त को बोल, रात को दूध में खारीक उबाल के पीव. खडीसाखर डाल के." प्यालो. पंधरा दिवस. फरक नाही. मग म्हणाला, "दोस्त को बोल, खजूर अन् मध." खाल्लं. फरक नाही. एकानं मुरब्बा सांगितला. एकानं उसाचा रस, आलं घालून. पुरुषाच्या कमजोरीवर जगातलं प्रत्येक औषध गोड कसं काय असतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता!

शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेला जादा गाड्या. आठ दिवस मी तिथंच. स्टँडच्या मागं एक जडीबुटीवाल्याचा तंबू लागलेला. बाहेर पहिलवानांची चित्रं, आत बरण्यांत मुळ्या. आता बघा, आमच्या घरानं सत्तावन्न साली बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून देव सोडले, नवस सोडले, गंडा-दोरा सोडला. अंगात येणाऱ्या बायांना मी गाडीतून उतरवलेलं आहे. अन् तो मी, बिल्लेवाला डायवर, टोपी खिशात घालून, इकडंतिकडं बघत, त्या तंबूत शिरलो. तंबूवाल्यानं माझी नाडी धरली. डोळे मिटले. म्हणाला, "नसबंदी?"

मी म्हणलं, "व्हय."

"नस सुकली. तिला ओल पाहिजे."

मला वाटलं, काय माणूस आहे, न सांगता ओळखलं! आरं, त्या साली पन्नाशीच्या कुठल्याही नोकरदाराला विचारलं असतं तर निम्म्यांनी व्हय म्हणलं असतं. पण अक्कल तेव्हा गहाण होती. त्यानं एक काळी पूड दिली. ही पूड डिंकात कालवायची. खारीक, खोबरं, गूळ, गावरान तूप घालून लाडू करायचे. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर गोड दूध. एक्केचाळीस दिवस.

पुडी गयापुढं टाकली. म्हणलं, "लाडू करायचे. डिंकाचे."

"कुणाला?"

"मला. पाठ दुखून राहिली."

ती माझ्याकडं बघत राहिली. पाठदुखीवर तिचा किती विश्वास बसला हे तिचं तिला माहीत.  दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाजारात गेली.

बाजार

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिथंच झाला. आमच्याकडं डिंकाचे लाडू खातं कोण? बाळंतीण. फार तर कडाक्याच्या थंडीत एखादा म्हातारा. शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, अशा वेळी बाई शेर-शेर डिंक, खारीक अन् गोडंबी घेऊन राहिली, तर अख्खा बाजार एकच प्रश्न विचारणार. किराणावाल्यानं विचारलाच. "गयाबाई, कोन बाळंतीन हाय घरी?"

गया काय सांगणार? नवऱ्यासाठी म्हणलं असतं तर "काहून? काय झालं नवऱ्याला?" हे पुढं आलंच असतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "लेकीसाठी. शांता येनार हाय."

संपलं. कळमनुरीचा बाजार म्हणजे दहा कोसांवरचे लोक येतात. पुसेगावकडच्या एका बांगड्यावालीनं ते ऐकलं अन् आठ दिवसांत शांताच्या सासूला जाऊन मुबारकबाद दिली. आता शांताला एक पोरगं तीन वर्षांचं, अन् दुसऱ्याचा पत्ता नाही. सासूनं सुनेला विचारलं. सून म्हणाली, "न्हाई बाई, मला काही न्हाई." मग लाडू कुणाला? घरात दुसरी बाई कोण? गयाच. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, होऊ शकतं. पण गयाच्या नवऱ्याची तर नसबंदी झालेली, ती तर मीच छाती काढून गावभर सांगितलेली!

पुढचं तुम्हीच जोडा. लोकांनी जोडायला एक दिवससुद्धा लावला नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी लाडू खात होतो. चांगले झाले होते, खोटं कशाला बोलू.

गळू

वीस-बावीस दिवस लाडू झाले अन् पाठीवर, मानेच्या खाली, एक गळू उठलं. खरीखुरी पाठदुखी! आधी लिंबाएवढं, मग वाटीएवढं. त्याला चार-पाच तोंडं फुटली. ताप. स्टेअरिंग वळवलं की डोळ्यापुढं अंधार. एके दिवशी हिंगोलीच्या स्टँडात गाडी लावली अन् उतरताना पाय गेले. जब्बारभाईनं धरलं. त्याच दिवशी त्यानं अन् गयानं मला नांदेडच्या दवाखान्यात नेलं.

तिथं आधी लघवी मागितली. मला राग आला. म्हणलं, "गळू पाठीवर हाय, मुतात काय बघता? रोग हाल्याला अन् दवा पखालीला!" सिस्टरबाई माझ्या लेकीएवढी. शांतपणे म्हणाली, "काका, भरा बाटली." त्यांनी ती लघवी काचेच्या नळीत निळ्या पाण्यात घालून दिव्यावर तापवली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं अन् शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल. सिस्टरबाईनं डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टर म्हणाला, "यांना कुणी आधी तपासलं नाही का?"

"काय झालं?" गयानं विचारलं.

"साखरेचा आजार. बरीच वर्षं असणार. काका, गोड फार खाता का?"

गयानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. "लाडू," ती म्हणाली. "दिवसाला चार."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. खरंच मारला, मी बघितला.

वॉर्ड

एकोणीस दिवस काढले. सकाळी उठलं की बाटली, मग सुई, मग पट्टी बदलायची. गळू कापून आतलं सगळं साफ केलेलं, त्यात रोज कापूस भरायचे. ते भरताना मी गाडीच्या सगळ्या थांब्यांची नावं ओळीनं घ्यायचो. औंढा यायच्या आत पट्टी झाली तर दिवस चांगला. आमच्या रांगेत साखरेवाले तिघं होतो. रोज सकाळी नळीचा रंग कळला की एकमेकांना सांगायचं, "आज हिरवा," "आज पिवळा." शेजारच्या खाटेवरच्या शेतकरीबुवाचा एक पाय गुडघ्यापासून काढलेला. त्याला नुसता चपलेचा खिळा लागला होता. तो मला म्हणाला, "डायवर, पाय सांभाळा बरं." त्या दिवसापासून मला जी भीती बसली ती अजून उतरली नाही. पाय गेला तर ब्रेक कुठल्या पायानं दाबू?

एका दुपारी कपाळावर हात मारणारा तो तरुण डॉक्टर एकटाच आला. खाटेवर बसला. इकडचं तिकडचं बोलला अन् आवाज बारीक करून म्हणाला, "काका, घरी बायकोबरोबर संबंध नीट आहेत ना? म्हणजे, होतं ना?"

मी भडकलो. "हे काय इचारता? तुमच्या बापाच्या वयाचा हाय मी!"

तो उठला नाही. म्हणाला, "म्हणूनच विचारतो. बापाला कुणी विचारत नाही."

मग मला बोलता आलं. सगळं सांगितलं. नसबंदी, तंबू, पूड. तो हसला नाही याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. म्हणाला, "नसबंदीचा याच्याशी काही संबंध नाही. तिथं फक्त मूल होण्याची वाट बंद करतात, बाकी सगळं जागच्या जागी असतं. वय झालं की वेळ लागतो, कमी होतं, ते चालायचंच, तो आजार नाही. पण पार बंद पडतं तेव्हा शरीर काहीतरी सांगत असतं. तुमचं शरीर दीड वर्ष ओरडत होतं."

"परत येईल का?"

"थोडं येईल. कदाचित नाही येणार. मी खोटं सांगणार नाही. साखर धरून ठेवा, विडी सोडा, अन् बायकोला सांगा."

पहिली दोन मी केली.

एकोणीस दिवसांत शांता एकदाही आली नाही. एकुलती एक लेक, बाप मरायला टेकला अन् ती नाही! मी रोज गयावर ओरडायचो. "पोरगी काहून येत न्हाई? निरोप दिला का न्हाई?" गया म्हणायची, "येईल. सासरी काम हाय." अन् खाटेखालचं भांडं घेऊन धुवायला निघून जायची.

जब्बारभाईनं सांगितलं

घरी आल्यावर पाचव्या दिवशी जब्बारभाई भेटायला आला. गया पाण्याला गेली होती. तो बसला, उठला, पुन्हा बसला. म्हणलं, "काय आहे ते बोल."

"बोलना नहीं चाहिये," तो म्हणाला, "लेकिन तेरे को मालूम होना. भाभी के बारे में लोग गंदी बात कर रहे." अन् मग बाजार, बांगड्यावाली, पुसेगाव, सगळं. शांताला सासूनं बापाला भेटायला सोडलं नव्हतं ते याच्यामुळं. "तसल्या घरी आमची सून जाणार न्हाई" असा निरोप आला होता. आमच्या गल्लीतल्या बायकांनीही गयाला हळदीच्या कांडपाला बोलावणं बंद केलं होतं. दीड महिना झाला होता.

गया हंडा घेऊन आत आली. मी विचारलं, "तुला हे माहीत व्हतं?"

तिनं हंडा ठेवला. "व्हय."

"मग काहून सांगितलं न्हाईस लोकाला? लाडू नवऱ्याचे व्हते म्हून?"

"सांगितलं असतं. मग म्हणले असते, नवऱ्याला काय झालं? मंग काय सांगू?" ती पदरानं हात पुसत होती. "माझं काय, चार महिन्यांत पोट दिसलं न्हाई की आपोआप गप बसतील. बाप्याचं नाव एकदा गेलं की गेलं. पुन्हा येत न्हाई."

जब्बारभाई उठून बाहेर गेला.  जी बाई माझ्या नावासाठी दीड महिना तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती, तिला मी रोज वॉर्डात, पंचवीस माणसांसमोर, लेक आली नाही म्हणून शिव्या देत होतो.

म्हणलं, "उद्या पुसेगावला जायचं."

"नगं."

"जायचं म्हणलं ना!"

पुसेगाव

शांताचा सासरा लिंबाजी, म्हणजे आमचा इवाई, मोठा करडा माणूस. मिशा पांढऱ्या, आवाज असा की बैल थांबावेत. आम्ही गेलो तर जयभीम घातला, पण घरात या म्हणाला नाही. ओट्यावरच पाणी दिलं. त्याचे दोन चुलतभाऊ येऊन बसले. इहीणबाई दाराच्या चौकटीत. शांता आतून डोकावली, डोळे सुजलेले. गया खाली मान घालून ओट्याच्या कडेला.

लिंबाजी म्हणाला, "बोला पाव्हणं. काय काम काढलं?"

मी वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो. इज्जतदार शब्द शोधले होते. ऐन वेळी एकही आठवला नाही. खिशातून दवाखान्याचा कागद काढून पुढं धरला. तो इंग्रजीत. तिघांनी उलटासुलटा करून बघितला अन् परत दिला.

मग मी बोललो. "लाडू माझ्यासाठी व्हते. शांताच्या मायसाठी न्हाई, कुणासाठी न्हाई. मी खाल्ले. काहून खाल्ले ते आइका. दीड वर्ष झालं, माझ्याच्यानं बायकोपाशी काही होत न्हाई. औंढ्याच्या तंबूतून पूड आणली, तिचे लाडू. मला साखरेचा आजार निघाला, त्याच्यानं हे झालं. ही बाई माझी अब्रू झाकायला तुमचे बोल खात बसली. आता माझी अब्रू तुमच्या ओट्यावर ठेवली हाय. काय करायचं ते करा. पन हिला एक शब्द बोलायचा न्हाई!"

शेवटचं जरा जोरात निघालं. समोरच्या घरात पोतेरं करणारी बाई थांबली.

 एका चुलतभावाला विडी आठवली, तो उठला. इहीणबाईनं "आगं माय" म्हणून पदर तोंडाला लावला अन् आत गेली. लिंबाजी मिशीवरून हात फिरवत बसला. मला वाटलं आता हसतील. हसा, म्हणलं मनात, एकदाचं हसून घ्या.

आतून इहीणबाईचा आवाज आला. "शांते, तुझ्या बाच्या च्यात साखर टाकू नगं."

अन् थोड्या वेळानं ती बाहेर आली, ती सरळ गयापाशी. तिचा हात धरून म्हणाली, "आत चला, इहीणबाई. हितं उन्हात काहून बसल्या?" माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडं ती मागत नाहीत, हात धरतात. दीड महिन्याला तेवढं पुरतं का? मला नाही वाटत. पण गया उठली अन् आत गेली.

संध्याकाळच्या गाडीला शांता अन् तिचं पोरगं आमच्याबरोबर निघाले. बाया पुढं चालत होत्या. लिंबाजी माझ्यासंगं स्टॉपापर्यंत आला.  गाडीचा धुरळा दिसला तसा इकडंतिकडं बघून, त्या बैल थांबवणाऱ्या आवाजाची कुजबूज करून म्हणाला, "पाव्हणं, त्यो डाक्टर कोनत्या वारी बसतो?"

"तुमच्या एखाद्या दोस्ताला पाहिजे का?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "दोस्ताला."

मी वार सांगितला. म्हणलं, दोस्ताला सांगा, तोवर गोड खाऊ नको.

गाडीत

मी कधी नव्हे तो प्याशिंजरसारखा मागं बसलो होतो. शांता पोराला घेऊन पुढच्या सीटवर, गया माझ्याशेजारी खिडकीला. मला हलकं वाटत होतं. मोठं काम केलं असं वाटत होतं, खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होतो. म्हणलं, "आता तरी बरं वाटलं का?"

ती माझ्याकडं वळली. लग्नापासून तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

"जब्बारभाईला सांगितलं," ती म्हणाली. "तंबूवाल्याला सांगितलं. डाक्टरला सांगितलं. आज इवायाला सांगितलं, त्याच्या भावकीला सांगितलं. अख्ख्या पुसेगावाला सांगितलं. मला कवा सांगनार व्हते?"

"तुला तर माहीतच व्हतं की!"

"मला काय माहीत व्हतं? लोक लाडवावरून काय अर्थ लावतील ते कळत व्हतं, खरं काय ते न्हाई. तुमी तोंड फिरवून झोपता, एवढं माहीत व्हतं. जवळ आलं की अंगावर येता, एवढं माहीत व्हतं. पाठ दुखते म्हणले, मी पाठीला तेल चोळलं. साखर हाय ते डाक्टरनं सांगितलं, तुमी न्हाई. हे त्याच्यानं झालं ते मला आज कळलं, त्या ओट्यावर, सगळ्यांसंगं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "दीड वर्ष मला वाटत व्हतं, मी म्हातारी झाले. मी आता नगं झाले तुमाला."

गाडी खड्ड्यातून गेली. शांताच्या पोरानं मागं वळून आमच्याकडं बघितलं.  हिंगोलीच्या स्टँडात मी आधी उतरलो अन्, भर लोकांत, तिला उतरायला हात दिला. तिनं तो लगेच धरला नाही. थोडा वेळ तशीच पायरीवर उभी राहिली, मागचे लोक ओरडायला लागले, मग धरला.